दुसऱ्याच्या गालातला उजेड

१

गोविंदा राऊतच्या गालात काहीच नव्हतं.

तसा कागदच अकोल्याच्या लॅबमधून आला होता. गोविंदानं तो शेलूबाजारच्या शाळेतल्या टेबलावर आपटला आणि समोर बसलेल्या धम्मदीपाला म्हणाला, "वाचा. जोरानं वाचा. बाहेर लोकं उभे हायेत, त्याईले बी ऐकू जाऊ द्या."

धम्मदीपा पडघान सकाळीच नागपूरहून निघून समृद्धी महामार्गावरून इथं पोचली होती. टेबलावरचं यंत्र तिच्या संशोधन संस्थेचं होतं आणि ते बनवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. पेन्सिलीएवढा एक प्रोब, त्याला जोडलेली लांब केबल, एक डबा आणि लॅपटॉप. प्रोब गालाच्या आतून टेकवला की पांढरा उजेड कातडीत शिरायचा, पेशींवर आपटून विखुरायचा आणि परत यायचा. पेशींची केंद्रकं फुगायला लागली असली की परतलेल्या उजेडातले रंग बदलायचे. कॅन्सर व्हायच्या कितीतरी आधी, डोळ्यांना काही दिसायच्याही आधी यंत्राला ते कळायचं. निदान, कळावं म्हणून ते बनवलं होतं.

महिन्यापूर्वी याच खोलीत तपासणीचा कॅम्प झाला. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणारी सगळी बाजारपेठ रांगेत उभी राहिली आणि बहुतेकांच्या नावापुढं हिरवी खूण आली. लाल आली ती गोविंदाच्या नावापुढं. आयुष्यात ज्यानं सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नव्हतं त्याच्या.

"हायवेवरचं माहं हाटेल ओस पडलं," गोविंदा म्हणाला. "लोकं माह्या हातची भजी खात नाहीत. म्हनतात, याले लागलं ते आपल्याले लागन. पोरीचं जमलं होतं मालेगावले, त्याईनं फोन उचलनं सोडलं. अन् गालाचा तुकडा कापून देला तो येगळाच. कायच्यासाठी?"

धम्मदीपानं कागद उचलून वाचला. दाराशी डॉक्टर सतीश गावंडे उभे होते. गावातले दातांचे डॉक्टर, वय चाळिशीच्या आतबाहेर, कॅम्पचे प्रमुख. गोविंदाचा तुकडा त्यांनीच काढला होता.

"मॅडम, यंत्र खोटं बोललं," ते शांतपणे म्हणाले. "एका निरोगी माणसावर मला सुरी चालवावी लागली. मी तुमच्या संस्थेला कळवलंय. उद्या गाडीत घाला आणि घेऊन जा."

संस्थेचाही निरोप तोच होता. चूक निघाली तर यंत्र परत, प्रकल्प बंद.

सगळे गेल्यावर धम्मदीपानं बॅगेतून एक बाटली काढली. दुधाळ पाण्यात प्लास्टिकचे डोळ्यांना न दिसणारे गोळे. त्यांचा आकार आधीपासून ठाऊक असलेला. तिनं प्रोब बाटलीत बुडवला. पडद्यावर आकडा आला. बरोबर. पुन्हा घेतला. पुन्हा बरोबर.

यंत्र चुकलं असतं तर बरं झालं असतं. यंत्र खरं बोलत होतं, म्हणजे तो लाल गाल कुणाचा तरी होता. फक्त गोविंदाचा नव्हता. तो माणूस या गावात हिंडत होता, आणि आपण निरोगी असल्याचं गाव समजत होतं.

२

यंत्र चालवणारी ज्योत्स्ना अंभोरे वाशिमजवळच्या मालेगावहून बसनं यायची. बारीक चणीची, फिकट चेहऱ्याची मुलगी. ती केबल मोठ्या मोठ्या वेटोळ्यांत गुंडाळत होती.

"घट्ट नाही ना गुंडाळत?" धम्मदीपानं विचारलं.

"नाही मॅडम. आत काच आहे, घडी पडली की मोडते. वाशिमच्या ट्रेनिंगला तुम्हीच सांगितलं होतं ना, मला अन् डॉक्टरसाहेबांना."

"गोविंदाची रीडिंग्ज बघू या."

प्रत्येकाच्या तोंडात चार-पाच ठिकाणी प्रोब टेकवायचा आणि त्यातलं एक जरी लाल आलं तरी संध्याकाळी निघणाऱ्या यादीत नावापुढं लाल खूण, असा नियम होता. गोविंदाची बाकीची रीडिंग्ज एकाच माणसाची वाटत होती. पहिलं निराळं होतं. लाल तेवढंच होतं.

धम्मदीपा पडद्याजवळ सरकली. परतलेल्या उजेडाच्या रेषेत रक्ताच्या दोन खाचा दिसतात, हिरव्या आणि पिवळ्या रंगाच्या सांध्यावर. या रीडिंगमध्ये त्या अगदी उथळ होत्या. रक्त कमी. आणि त्यांच्या पुढं, पिवळ्या-नारिंगी रंगात, एक भलतीच खोल खाच. पिवळा उजेड कुणीतरी गिळून टाकला होता.

"पिवळा गिळतो तो जांभळा रंग," ती पुटपुटली. "तोंड आल्यावर लावतात ते जांभळं औषध. ज्यानं हे घेतलं त्याच्या गालाला ते लावलेलं होतं."

ज्योत्स्नानं ओढणीचं टोक मुठीत धरलं. तिच्या पर्समधून डोकावणाऱ्या लाल गोळ्यांच्या पाकिटाकडे धम्मदीपाचं लक्ष गेलं. रक्तवाढीच्या गोळ्या.

"ज्योत्स्ना, तू स्वतःची तपासणी केली होतीस का? खरं सांग."

मुलगी एकदम रडायलाच लागली. "नाही मॅडम. पण चूक माझीच आहे. जेवायच्या सुट्टीआधी गोविंदाभाऊंचं नाव टाकलं, तेवढ्यात त्यांच्या हॉटेलातलं सिलेंडर संपलं म्हणून ते पळाले. मी लॅपटॉप बंद न करताच तुळसाबाईंकडे जेवायला गेले. परत आले तर पडद्यावर 'पुढचं रीडिंग' असं आलेलं. मला वाटलं, जाताना माझाच हात लागला असेल. मग गोविंदाभाऊ आले अन् मी पुढं सुरू केलं. हे कळलं तर नोकरी जाईल म्हणून बोलले नाही."

"इकडे बस. तोंड उघड."

ज्योत्स्नाच्या गालात लाल काही आलं नाही. रक्ताच्या खाचा मात्र तिच्याही उथळच होत्या. रक्त कमी दिसायला आणखी काय कारण असेल? मग तिनं प्रोब स्वतःच्या हातात घेतला, आरशाशिवाय, चाचपडत स्वतःच्या गालात घातला आणि तो सरकू नये म्हणून जोरानं दाबून धरला.

पडद्यावर तिच्या रक्ताच्या खाचा जवळजवळ सपाट झाल्या.

धम्मदीपाचं रक्त चांगलं होतं. दाबामुळं ते गालातून बाजूला सरकलं होतं, एवढंच. नखावर दाब दिला की नख पांढरं पडतं, तसं.

"तू दाबत नाहीस," ती ज्योत्स्नाला म्हणाली. "तुझा हात हलका आहे, कॅम्पमधलं एकही रीडिंग असं नाही. हे तुझ्या हातचं नाहीच. जेवायच्या सुट्टीत इथं कुणीतरी एकटं येऊन बसलं होतं. आपल्या हातानं आपलाच गाल तपासत होतं. आणि त्याला यंत्र कसं सुरू करायचं हे बघून बघून ठाऊक झालं होतं."

कॅम्पभर यंत्राजवळ वावरलेली माणसं मोजकीच होती. शाळेचे मुख्याध्यापक हरीओम सर, आरोग्य खात्याच्या आशा सेविका तुळसाबाई, डॉक्टर सतीश.

३

तुळसाबाई अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होत्या. धम्मदीपाला बघून त्यांनी काठी बाजूला टाकली.

"ये बाई, बस. तू कामरगावच्या पडघानाची पोरगी न? मंग माही पोरगीच झाली. त्या दिवशीचं काय इचारतं? अवं, सारे माह्याच घरी जेवले. भाकर, वांग्याची भाजी अन् मिरचीचा ठेचा. ज्योत्स्ना तं पोटभर जेवली, हात धुयेपर्यंत इथंच होती. तिच्या अंगात रक्त नाही म्हनून मी गूळ बी देल्ला."

"आणि सर?"

"हरीओम सर उशिरा आले. शाळेत काम होतं म्हने. आले अन् ठेच्यावर असे तुटून पडले का काय सांगू! डॉक्टर लवकर आले, लवकर गेले. ठेच्याले हात बी नाही लावला. पित्त झालं म्हने. दूध मागतलं, त्यात भाकर कुस्करली, दोन घास खाल्ले अन् उठले. मोठ्या मान्साचं पोट नाजूक राह्यते, बाई."

"मावशी, ते जांभळं औषध असतं का तुमच्याकडे?"

"माह्याकडं हाये, डॉक्टरकडं हाये, कॅम्पाच्या डब्यात बी होतं. लहान्या लेकराचं तोंड आलं का तेच लावतो आमी." त्या थबकल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू सरले काही इचारलं का? त्या दिवशी त्याईच्या पांढऱ्या रुमालाले जांभळे डाग होते. तोंड पुसून राह्यले होते त्यानं."

हरीओम सर कार्यालयात भजी खात होते. सोबत तळलेली हिरवी मिरची. गावात खर्राबंदीची फेरी काढणारा, भाषणं देणारा माणूस. धम्मदीपानं रुमालाचा विषय काढताच त्यांचा चेहरा उतरला.

"ते शाईचे डाग, मॅडम. कॅम्पच्या संमतीपत्रांवर अंगठे घेत होतो ना, त्या स्टॅम्पपॅडची शाई." त्यांनी टेबलाचा खण उघडला. पॅड खरंच होतं, जांभळंच. पण पॅडशेजारी खर्र्याच्या पुड्या होत्या. एक नाही, मूठभर.

धम्मदीपानं पुड्यांकडे बघितलं. सरांनी घाईनं खण लोटला.

"पोट्ट्यांच्या दप्तरातून काढलेल्या आहेत. तुमचा विश्वास नाही बसत का?" त्यांच्या आवाजाला धार आली. "मग तपासा. आत्ता तपासा माझं तोंड! फक्त ती तार शॉक तर देत नाही ना? आत तांबंच असेल."

"चार वाजता तपासू," धम्मदीपा म्हणाली. "तुम्हालाच नाही, त्या दिवशी यंत्राजवळ असलेल्या सगळ्यांना. मी आता डॉक्टर आणि तुळसाबाईंनाही तोच निरोप देतेय."

तिनं दोघांना फोन केले. डॉक्टरांनी वेळ पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, "अवश्य. मी येतो."

धम्मदीपानं खोलीला कुलूप लावलं, किल्ली नेहमीप्रमाणे कार्यालयातल्या खिळ्याला अडकवली आणि ज्योत्स्नाला घेऊन गोविंदाकडे गेली. तिला त्याला एकच गोष्ट विचारायची होती.

हॉटेलात एकही गिऱ्हाईक नव्हतं. गोविंदा रिकाम्या बाकावर बसला होता.

"तुकडा काढायचं कुणी ठरवलं, गोविंदाभाऊ?"

"डॉक्टरनंच. लाल खून आली अन् दुसऱ्या दिवशी सोतः गाडी घिऊन दारात हजर. म्हने, आजच करू, थांबू नका. मी म्हनलं, तुमाले दिसते का काही? म्हने, दिसत नाही पन मशीन खोटं बोलत नाही. मंग रिपोर्ट येयेपर्यंत रोज इचारे, आला का, आला का. माह्यापेक्षा त्याईलेच जास्त घोर. देवमानूस, बाप्पा."

धम्मदीपा शाळेत परतली तेव्हा बाकीचे तिघे व्हरांड्यात हजर होते. तिनं कुलूप उघडलं, यंत्र सुरू केलं. डब्यातला दिवा पेटला, पंखा घरघरला. प्रोबच्या टोकातून उजेड आला नाही.

केबल जागच्या जागी होती. तिच्यावर कापल्याची खूण नव्हती, साधा ओरखडा नव्हता. पण आत कुठंतरी उजेड अडला होता.

४

हरीओम सरांनी कपाळाला हात लावला. "किल्ली खिळ्यालाच होती. मी वर्गावर गेलो होतो. कुणीही घेतली असेल."

"आता काय व्हईन व?" तुळसाबाई म्हणाल्या.

"आता काय होणार," डॉक्टर सतीश म्हणाले. "यंत्रच नादुरुस्त आहे, हे मी सकाळपासून सांगतोय."

धम्मदीपानं केबल बोटांमधून हळूहळू सरकवली. मध्यावर एका जागी ती किंचित मऊ लागली. तिनं केबल खाली ठेवली आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं. सर जायला तयार नव्हते. "माझ्यावर संशय घेऊन असं सोडू नका," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

"सर, तुमच्यावर संशय नाही," ती म्हणाली. "तुम्ही निश्चिंत जा."

मग ती एकटीच डॉक्टरांच्या दवाखान्याकडे निघाली. दुपार कलली होती. दवाखान्यात पेशंट नव्हता. डॉक्टर सतीश हात धूत होते, आणि तिला बघूनही धूतच राहिले.

"मी गर्दीत बोलले नाही," धम्मदीपा म्हणाली, "कारण पेशंटची गोष्ट गर्दीत बोलायची नसते."

"कुठला पेशंट?"

"तुम्ही."

नळ वाहत राहिला.

"केबल मोडणाऱ्यानं ती कापली नाही," ती म्हणाली. "घडी घालून दाबली. सरांना वाटतं आत तांबं आहे. तांब्याची तार बिघडवायची तर माणूस कात्री शोधेल. आत काच आहे हे गावात दोघांनाच माहीत. चारचा निरोप गेल्यापासून ज्योत्स्ना माझ्याबरोबरच होती."

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून नाही. त्या रीडिंगमधला गाल जांभळ्या औषधानं माखलेला होता. म्हणजे तोंड आलेलं, आग होत असलेलं. सर त्याच दुपारी ठेचा चापत होते. आजही मिरची खात होते. तुम्ही भाकर दुधात कुस्करली आणि ज्योत्स्नाचं जेवण उरकायच्या आत उठून गेलात. कुठं गेलात, डॉक्टर?"

डॉक्टरांनी नळ बंद केला. रुमालानं एकेक बोट पुसलं.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट," धम्मदीपा म्हणाली. "गोविंदाच्या गालात तुम्हाला काही दिसलं नव्हतं. तरी तुम्ही दुसऱ्याच दिवशी त्याच्या दारात गेलात. तेव्हा यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याचा रिपोर्ट निरोगी आला आणि यंत्र खोटं बोलायला लागलं. असं का?"

बाहेर हायवेवरून एक ट्रक गेला. काचेच्या कपाटातली हत्यारं किणकिणली.

"तुम्ही जेवायच्या सुट्टीत यंत्र वापरलंत तेव्हा पडद्यावर कुणाचं नाव आहे ते बघितलं नाहीत. निकाल संध्याकाळी लागला. लाल, गोविंदाच्या नावावर. तेव्हा तुम्हाला कळलं, हा लाल गाल दोघांपैकी एकाचा आहे. गोविंदाचा किंवा तुमचा. तुकडा तुमचाही काढता आला असता. तुम्ही त्याचा काढलात."

डॉक्टर खुर्चीत बसले. पेशंटच्याच खुर्चीत.

"कॉलेजात असताना सुरू झालं," ते म्हणाले. "सुपारी. नंतर खर्रा. दार लावून खायचो. दिवसभर लोकांना सोडा म्हणायचं अन् सायंकाळी... मी रोज आरशात बघतो, मॅडम. काही दिसत नाही. फक्त तिखट लागलं की आग होते." त्यांनी तोंड उघडून दाखवायचा प्रयत्न केला. जबडा अर्ध्यावरच थांबला. "दोन बोटं जातात. पूर्वी तीन जायची. मीच पेशंटना सांगतो हे लक्षण."

"मग लगेच तपासून का नाही घेतलंत?"

"तुम्ही कधी असा निकाल हातात घेतलाय? मी घेतलाय. दुसऱ्यांचे. त्यांना सांगतानाचे चेहरे मला पाठ आहेत. गोविंदाचा तुकडा काढताना मी मनात एकच म्हणत होतो. याच्या गालात निघू दे. याच्याच निघू दे."

धम्मदीपाला राग आला होता. तो तिनं दाबला नाही. "त्याचं हॉटेल बसलं. त्याच्या पोरीचं मोडत आलं. आणि तो तुम्हाला देवमाणूस म्हणतो."

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

"यंत्र मोडलंय," ती म्हणाली, "पण सुरी आहे, लॅब आहे. मी वाशिमच्या डॉक्टरांना फोन केलाय. गाडी बाहेर उभी आहे. या अवस्थेत हे पूर्ण काढून टाकता येतं, हे मी तुम्हाला काय सांगावं? पण थांबलात तर हे यंत्र लागणारच नाही. मग आरशातही दिसेल."

ते उठले नाहीत. धम्मदीपा दारात उभी राहिली. या माणसाला ओढून नेता येणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. आत काहीच हललं नाही इतका वेळ गेला की ती वळून निघायच्या बेतात आली. मग खुर्चीचा आवाज झाला.

"दवाखाना बंद करतो," डॉक्टर म्हणाले. "तेवढं थांबा."

५

रिपोर्ट आठवड्यानं आला. डाव्या गालात, मागच्या बाजूला, पेशी बदललेल्या होत्या. कॅन्सर नव्हता. होऊ शकला असता. नागपूरला छोटी शस्त्रक्रिया ठरली.

जायच्या आदल्या दिवशी डॉक्टर सतीश गोविंदाच्या हॉटेलात गेले. बाजाराचा दिवस होता, रस्ता माणसांनी भरलेला. धम्मदीपा नवी केबल घेऊन आली होती आणि डॉक्टरांच्या विनंतीवरून सोबत होती. बाहेरून माणसं बघतील अशा जागी डॉक्टर उभे राहिले आणि त्यांनी मोठ्यानं सांगितलं, लाल गाल माझा होता. गोविंदा राऊत निरोगी आहे, पहिल्यापासून निरोगी होता. मालेगावच्या पाहुण्यांनाही मी सकाळी घरी जाऊन हेच सांगून आलोय.

रस्त्यावरची माणसं थबकली.

गोविंदानं झारा कढईच्या काठावर ठेवला. त्याला समजायला वेळ लागला. मग त्यानं हळूच विचारलं, "तुमाले ठावं होतं?"

"शंका होती."

"माहा गाल कापला तवा बी?"

"तेव्हाही."

"काय चालू होतं तुमच्या मनात?"

धम्मदीपाला वाटलं, आता तरी हा माणूस खोटं बोलेल. बोलला असता तरी तिनं दोष दिला नसता. पण डॉक्टर सतीश खाली न बघता म्हणाले, "तुझ्या गालात निघावं असं वाटत होतं, गोविंदा."

कढईतलं तेल तडतडत होतं. गोविंदाचा हात मुठीत आवळला, सुटला, पुन्हा आवळला. बराच वेळ तो डॉक्टरांच्या डाव्या गालाकडे बघत राहिला.

"उद्या कापनार हायेत का?" त्यानं विचारलं.

"उद्या."

"संगं कोन हाये?"

"कुणी नाही. बायकोला अजून सांगायचा धीर नाही झाला."

"आज सांगा तिले," गोविंदा म्हणाला. "आज म्हंजे आज. मले कापलं तवा माही बायको दाराबाहीर बसून होती, म्हनून निभलं." त्यानं झारा उचलला. "अन् तुमाले मी माफ केलं असं समजू नका. नाही केलं. पन तुमाले काही व्हावं असं बी मी मागनार नाही."

एवढं बोलून तो कढईकडे वळला. डॉक्टर गर्दीतून वाट काढत घराकडे चालू लागले. आधी संथ, मग भराभर, बाजारातली बातमी बायकोच्या कानावर जायच्या आत पोचायचं असल्यासारखे.